माशांचा पाणीहक्क

मुंबईत समुद्राकाठच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा फिशटँक बाळगणं हा जलव्यवस्थापनाचा आदर्शच मानावा लागेल. त्यातलं दहा टक्के पाणी दर आठवड्याला बदलावं, नाहीतर नायट्रेट साचतं. त्यासाठी तानसा-भातसा धरणांचं गोडं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून यावं, आरओतून गाळावं (लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत), आणि मग लिटरला 35 ग्रॅम या हिशेबानं विकतचं मीठ घालून पुन्हा खारट करावं. खिडकीखाली अख्खा अरबी समुद्र फुकट आहे की, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्यात शहराचं सांडपाणी जातं. असलं पाणी माशांना द्यायचं? समुद्रातल्या माशांना ते चालतं, कारण त्यांच्यासाठी कोणी पैसे मोजलेले नसतात. त्यांचीही दया येत असेल, तर पालिकेनं दर आठवड्याला अरबी समुद्र दहा टक्के बदलावा. निविदा भरायला कंत्राटदार मिळतीलच. टाकीतलं जुनं पाणी कुठे टाकायचं, ही चिंता नको. मोरीतून ते समुद्रातच जातं.

राहता राहिला गोड्या पाण्याच्या नासाडीचा मुद्दा. ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्यातलं पाणी आरओचं नसतं.