प्राचीनतेचा परदेशी दर

वाशीमच्या सुखवस्तू मंडळींनी बाराजणांच्या निवडक तुकड्या करून इटलीतील ऐतिहासिक नगरे व ग्रामप्रदेश अवलोकन करण्याचा जो परिपाठ आरंभिला आहे, तो सर्वथा अभिनंदनीय होय. कारण सर्वसेन वाकाटकाच्या शाखेची राजधानी, वत्सगुल्म, ज्यांच्या अंगणाखाली विनामूल्य निजली आहे, त्यांना व्हिसावाचून प्राचीनतेची प्रचीती यावी तरी कशी? वाशीमच्याच पद्मतीर्थात नाणे टाकणे ही अंधश्रद्धा; तेच त्रेवीच्या कारंज्यात पाठमोरे होऊन टाकले की संस्कृती. गावची वेस कलली तर दुरुस्तीची दरखास्त, पिसाचा मनोरा कलला तर तिकीट.

टस्कनीतील शेतघराचा मुक्काम तर विशेष उद्बोधक. मंगरुळपीरकडील वडिलोपार्जित वावर बटईदाराच्या हवाली करून ज्यांनी वर्षानुवर्षे बांधावर पाऊल ठेविले नाही, तेच गृहस्थ परक्या मळ्यात रोख युरो मोजून द्राक्षांचे घड खुडतात, आणि वर मालकाचे आभार मानितात! तेव्हा सरकारांनी हाच शिरस्ता येथे जारी करून सोयाबीनच्या सोंगणीस माणशी शंभर युरो प्रवेशशुल्क आकारावे, म्हणजे मजुरांची टंचाई एका हंगामात निकालात निघेल. अडचण किरकोळ आहे: सोंगणी ऐन आश्विनात येते, आणि त्या सुमारास मंडळी द्राक्षे तोडावयास टस्कनीला गेलेली असतात.