चिटणीस

बीडीडी चाळीत चिटणीस निवडून येत नाही, तो असतोच. दरवर्षी सर्वसाधारण सभा भरते, अध्यक्ष बदलतात, हिशेब जुळत नाही म्हणून खजिनदार बदलावाच लागतो. चिटणीस मात्र ‘‘यंदा कुणीतरी तरुणाने पुढं यावं’’ म्हणतात आणि इतिवृत्ताची वही काखेत आणखी घट्ट दाबतात. तरुण समजूतदार असतात. ते मागे सरकतात.

वरळीत अशा मूळच्या १२१ इमारती. प्रत्येकीत तळमजला धरून चार मजले, मजल्याला २० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत माणसं कशी मावतात, हे कोडं बाहेरच्यांना. चिटणिसांना कोडं पडतं ते वेगळंच : एवढी माणसं स्वच्छतेच्या दिवशी नेमकी कुठे मावळतात?

आठवडा सुरू होतो जिन्याखालच्या फळ्यापासून. सोमवारी संध्याकाळी चिटणीस ओल्या फडक्याने फळा पुसतात आणि टपोऱ्या अक्षरात लिहितात : ‘रविवारी सकाळी ठीक ८ वाजता सार्वजनिक स्वच्छता. प्रत्येक खोलीतून एक माणूस. सबब चालणार नाही. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, हे अजून कोणी विचारलेलं नाही. बुधवारी वर्गणी. शनिवारी रात्री कॅरम बोर्ड बाजूला करून कार्यकारिणीची बैठक; तिच्यात मागच्या बैठकीतला वाद मंजूर होऊन नवा सुरू होतो.

रविवारी आठाच्या ठोक्याला चिटणीस, एक खराटा आणि दोन पोरं हजर. साडेआठला भाषण. ‘‘मित्रहो, इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने शंभर वर्षांमागे ही वास्तू बांधली. कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना इथंच कोंडलं होतं...’’ सत्याग्रहींवरून ते थेट फिनेलच्या डब्यावर येतात. कोंडल्याचा उल्लेख झाला की वरच्या मजल्यांवरचे दरवाजे हळूच आतून लागतात.

शेजारच्या इमारतीवर चिटणिसांचा डोळा असतो. तिथं नेत्रतपासणी झाली की आपल्याकडे पंधरवड्यात दंततपासणी. जूनमध्ये वह्यावाटप. वहीच्या कव्हरवर देणगीदार हात जोडून एवढा ऐसपैस उभा, की पोरांना नाव घालायला जागा उरत नाही. रक्तदान शिबिरात चिटणीस दिवसभर बिस्किटांचे पुडे मोजतात. स्वतः त्यांनी कधी रक्त दिलेलं नाही. संयोजकानेच आडवं होऊन कसं चालेल?

‘‘चिटणीस, गेल्या गणपतीचा हिशेब?’’ असं पॅसेजमध्ये कोणी हटकलं, तर उत्तर ठरलेलं : ‘‘फळ्यावर लागेल.’’ फळ्यावर तेव्हा स्वच्छतेची सूचना असते आणि ती काही केल्या पुसली जात नाही.

या माणसाला हसावं, तर रात्री दोन वाजता एखाद्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो. त्या घरचं माणूस चपला शोधेपर्यंत चिटणीस दारात उभे. बांबू, सुतळी, मडकं कुठं मिळेल, डॉक्टरचा दाखला कोण आणेल, गावाकडे फोन कोण करेल, समोरच्या मामींकडे चहाचं पातेलं कधी चढेल, सगळं तोंडपाठ. त्या रात्री ते भाषण करत नाहीत. त्या रात्री ८० खोल्यांमधून माणसं न बोलावता बाहेर येतात आणि फळ्याकडे कोणी बघतही नाही. महिनाभराने त्याच घरी ते वर्गणीला जातात, पावती फाडतात आणि रक्कम स्वतःच्या खिशातून भरतात. ही नोंद मात्र इतिवृत्तात सापडत नाही.

मग चाळींचा पुनर्विकास आला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, संडास घरातच, दाराला बेल. चिटणीसही त्यांत होते. पहिल्या बुधवारी ते पावतीपुस्तक घेऊन निघाले. दारं बंद. बेल वाजवली की आतून कोणीतरी भिंगातून बघतं, पाहिजे तेवढं बघून घेतं आणि टीव्हीचा आवाज कमी करतं. जिन्याखाली फळा लावायला गेले, तर जिन्याने कोणी येतच नाही.

माणूस खचला असता. चिटणीस लिफ्टमध्ये शिरले. चाळिसाव्या मजल्यापर्यंतच्या प्रवासात लोकांना पळायला जागा नाही, हे त्यांच्या पहिल्याच फेरीत ध्यानात आलं. आता बुधवारी संध्याकाळी ते खाली-वर करत असतात. दार लागलं की म्हणतात, ‘‘कितवा मजला, भाऊ? तिसावा? मग सावकाश काढा पैसे. सुटे आहेत माझ्याकडे.’’