कराटे क्लासमधलं अवघड-सोपं : कांजूरमार्गच्या प्रशिक्षकांसाठी नियमावली

कांजूरमार्गात कराटे क्लास काढायला फार काही लागत नाही. सोसायटीची गच्ची किंवा पार्किंगमधली मोकळी जागा, सेक्रेटरींची परवानगी आणि गेटवर टांगायला उंच लाथ मारणाऱ्या माणसाचा फ्लेक्स. अडचण पुढे येते. पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं एका रांगेत उभी राहतात आणि कुणाला किती अवघड शिकवायचं, हा प्रश्न पडतो. होतकरू प्रशिक्षकांच्या सोयीसाठी प्रचलित नियम पुढे दिले आहेत.

नियम १ : मुलाकडे पाहू नये, पालकांकडे पाहावे. मुलाला काय झेपतं हे कळायला काही आठवडे जातात. पालकांना काय हवं ते फीच्या दिवशीच कळतं. ‘सर, बी विंगमधल्या मुलाचा ऑरेंज बेल्ट झाला, आमच्याचा कधी?’ असं कानावर आल्यास सराव ताबडतोब सोपा करावा. ‘हा घरी आल्यावर दमलेला का नसतो?’ असं विचारलं गेल्यास पुश-अप्स वाढवावेत. दोन्ही तक्रारी एकाच मुलाबद्दल आल्यास दोन्ही उपाय एकाच दिवशी करावेत.

नियम २ : बाकीचं जागेवर सोडावे. लाथ किती उंच जावी, हे विद्यार्थ्याच्या कमरेच्या लवचीकपणावर नसून शेजारी उभ्या गाडीच्या आरशावर ठरतं. किआय, म्हणजे प्रहाराबरोबरची आरोळी, पोटातून यावी असं शास्त्र आहे. दुपारी दोन ते चार मात्र ती मनातल्या मनात द्यावी. श्वसनाचा सराव कांजूरमार्ग पूर्वेला आपोआप अवघड होतो. हायवेपलीकडच्या डम्पिंग ग्राउंडवरून वारा सुटला, की ‘खोल श्वास घ्या’ ही सूचना काळ्या बेल्टवाल्यांनाही पेलत नाही.

नियम ३ : पायऱ्या गाळाव्यात. कराटेत झुंजीचा जिना बांधूनच दिलेला आहे. सांबोन कुमितेत हल्ला कुठे होणार ते आधी सांगतात. हल्ला करणारा तीन पावलं पुढे येतो, समोरचा तिन्ही वार अडवून शेवटी उलट वार करतो. इप्पोन कुमितेत एकच पाऊल, एकच वार. मग हालचाल मोकळी, पण वार सांगून. आणि शेवटी जियू कुमिते, म्हणजे सगळंच मोकळं. दर पायरीला एखादीच गोष्ट बदलते, त्यामुळे मूल नेमकं कुठे अडलं ते दिसतं. हे दिसणंच गैरसोयीचं, कारण मग तिथे थांबावं लागतं. त्यापेक्षा लिफ्टने थेट वर न्यावं. आंतरशालेय स्पर्धा पुढच्याच रविवारी असते.

नियम ४ : जोड उंचीप्रमाणे लावावी; फोटो चांगला येतो. कोल्हापूरच्या तालमीतले वस्ताद याबाबत फार वेळखाऊ. पोराचं वजन, उमेद, आदल्या आठवड्यात तो कुणाकडून पडला, हे सगळं बघून ते जोड ठरवतात. कधी थोरल्या पैलवानाला धाकट्याशी खेळवतात. थोरला जोर राखून धरतो, धाकट्याला डाव पुरा करू देतो आणि सवय होऊ लागली की पकड घट्ट करतो. एवढं लक्ष द्यायचं, तर मोबाइल खिशात ठेवावा लागेल.

नियम ५ : अभ्यासक्रमाला हात लावू नये. ओकिनावाच्या इतोसू आंको यांनी ही शिस्त मोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांत आलं, तेव्हा जुन्या काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, मुलांना जड जातील म्हणून त्यांनी पिनान नावाच्या पाच सुटसुटीत काता प्रचारात आणल्या. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन याहून पुढे गेले. १९२२ साली कराटे टोकियोला नेल्यानंतर त्यांनी या काता हेइआन नावाने शिकवल्या आणि पहिल्या दोघींची अदलाबदल केली, कारण नवशिक्याला दुसरीच सोपी पडत होती. गुरूंनी लावलेला क्रम शिष्याने नवशिक्यांसाठी फिरवला! आपल्याकडे हे शक्य नाही. परीक्षेचे फॉर्म छापून झालेले असतात.

नियम ६ : लक्षणांचा सोयीस्कर अर्थ लावावा. मूल सारखं पाणी प्यायला जातं, श्वास रोखून धरतं, पाय ठेवायचं विसरून नुसते हात हलवतं : जड झाल्याची ही लक्षणं ‘एकाग्रता’ या सदरात नोंदवावीत. मूल गप्पा मारत, इकडेतिकडे बघत बिनचूक काता करतं, म्हणजे ती त्याला सोपी झाली : याला ‘बेशिस्त’ म्हणून उठाबशा द्याव्यात. पहिल्याला वेग किंवा अंतर बदलून थोडं सैल करणं आणि दुसऱ्याला डोळे मिटून किंवा उलट्या बाजूने तीच काता करायला लावणं, असले फुकट उपाय करू नयेत. त्यांचं सर्टिफिकेट मिळत नाही.

हे नियम पाळणाऱ्याच्या क्लासला बेल्टचा तुटवडा पडत नाही. कमी पडतात ती मुलं. ती आठवी-नववीत ‘अभ्यास वाढला’ म्हणून निघून जातात, आणि ते कारण सगळ्यांनाच पटतं. तरीही एखाद्याला शिकवायचंच असेल, तर पालक, पार्किंग, फ्लेक्स आणि फॉर्म बघून झाल्यावर त्याने एकदा मुलाकडे बघावं. किती अवघड द्यायचं ते त्याच्या पायांवरून कळतं.