समुद्राला कंजूष माणूस आवडतो

लातूरच्या माणसाचा आणि पाण्याचा संबंध मोजमापाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी आलं, हा हिशेब इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ होता. त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. अशा गावातले आम्ही, सोबत नांदेडचे पाहुणे, पैसे भरून भर पाण्यात हजारभर माणसांची गर्दी करायला निघालो, यातली गंमत फक्त मामांच्या लक्षात आली. “आजवर टँकरमागं पळालो,” ते म्हणाले, “आता टँकरवरच बसायलाव म्हणायचं.”

निमित्त आत्याच्या पंचाहत्तरीचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ ही बोट सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरात क्रूझ हा शब्द अधूनमधून दिवाळीच्या फराळाबरोबर निघायचा आणि चिवडा संपला की विरायचा. या खेपेला नांदेडच्या साडूंनी थेट बुकिंगच केलं. तेही मे महिन्याच्या शेवटी, कारण पोरांच्या सुट्ट्या तेव्हा. अरबी समुद्र थंडीच्या दिवसांत सगळ्यात शांत असतो आणि पावसाळा जवळ आला की फुगायला लागतो, हे समुद्राला माहीत असतं. शाळेला नसतं.

समुद्राचा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नव्हता. उलटीचा मात्र दांडगा होता. लातूर-नांदेड रस्त्यावरची चाकूर, अहमदपूर, लोहा ही इतरांसाठी गावं असतील. आत्यासाठी ती आठवणींची ठिकाणं आहेत. “मला यष्टी लागती” हे वाक्य ती अशा तोऱ्यात सांगते, की ज्याला यष्टी लागत नाही त्याला आपल्या घराण्यात काहीतरी कमी असल्यासारखं वाटावं. तिने पिशवी भरली: लिंबं, ओवा, आलेपाक, आणि पोटावर बांधायला जुनी वर्तमानपत्रं. साडू हसले. “आत्या, ही यष्टी नाही, पंचतारांकित जहाज आहे.” आत्या म्हणाली, “हलतंय का नाही ते सांग.”

हलतं. मोठ्या जहाजांच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डावं-उजवं डोलणं बरंच आवरतात. पुढची-मागची चढउतार मात्र त्यांच्या हातात नाही. आता आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव हलला की मेंदूला खबर जाते: आपण हललो. त्याच वेळी डोळे खोलीतल्या भिंतीकडे बघून कळवतात: काही हललं नाही, सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदार, दोन जबान्या. १९७७ साली ट्राइझमन नावाच्या संशोधकाने तर्क मांडला, की अशा वेळी मेंदूला विषबाधेचा संशय येतो आणि तो पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. साडूंना पहिल्या रात्री बोट लागली तेव्हा आत्याने भोपाळहून आलेल्या डॉक्टर सहप्रवाशासमोर निदान केलं, “त्या पनीरातच काहीतरी होतं.” साडूंचा मेंदूही नेमका तेच म्हणत होता.

हा त्रास हुद्दा बघत नाही. ब्रिटिश आरमाराचा नेल्सन जन्मभर या दुखण्याने हैराण होता. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ ‘बीगल’वर होता आणि समुद्राशी त्याचं शेवटपर्यंत जमलं नाही, सुरुवातीला त्याच्या पोटात बिस्किटं आणि बेदाणे तेवढे टिकत. याच्या उलट गोष्ट गॅलॉडेट कॉलेजातल्या अकरा कर्णबधिर माणसांची. बहुतेकांचा अंतर्कर्ण लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झालेला. अमेरिकेच्या नौदलाने, अवकाशप्रवासाच्या तयारीसाठी, त्यांना नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेलं. हे लोक निवांत पत्ते खेळत बसले आणि तपासायला आलेले संशोधकच असे आडवे झाले की प्रयोग गुंडाळावा लागला. मामांनी ही कथा ऐकून घेतली आणि म्हणाले, “ऐकायचं नाही, म्हंजे तरास नाही. आडतीत बसून हे मला कवाच कळलंय.”

मामांचं आडतीचं दुकान. तूर आणि सोयाबीनच्या भावात आयुष्य गेलेलं. त्यांनी जहाजावरची सगळ्यात स्वस्त खोली घेतली: खालच्या मजल्यावर, मधोमध, खिडकी नसलेली. साडू कंत्राटदार, त्यांनी सगळ्यात महाग: वर, पुढच्या टोकाला, बाल्कनीसकट. “समुद्र दिसला नाही तर पैसे कशाला घालायचे?” हा त्यांचा युक्तिवाद. “समुद्र तर बाहेर फुकट दिसतो,” हा मामांचा.

इथे निसर्गाने मामांची बाजू घेतली. जहाजाचा मध्य आणि तळ सगळ्यात कमी हलतात. टोक आणि उंची सगळ्यात जास्त. यष्टीत चाकांच्या मधल्या सीटवर आणि शेवटच्या बाकावर जो फरक, तोच. साडूंनी जादा पैसे मोजून शेवटचा बाक घेतला होता. रात्री जहाज उघड्या समुद्रात आलं, आणि त्यांनी समुद्र पाहिला तो बाल्कनीच्या कठड्यावर ओणवं होऊन.

उरलेले उपायही असेच फुकट किंवा जवळपास फुकट. डेकवर मोकळ्या हवेत बसायचं आणि क्षितिजाकडे बघायचं, म्हणजे डोळे आणि कान यांची जबानी जुळते. क्षितिजाला भाडं नाही. मोबाइल, पुस्तक बंद. दारू नको. पोट उपाशीही नको आणि तुडुंबही नको. आत्या यष्टीत ड्रायव्हरच्या मागची सीट धरून समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघते, हे तिने कोणत्या विद्यापीठात शिकलं? तिच्या आलेपाकालाही आधार आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डेन्मार्कच्या नौदलातल्या ऐंशी कॅडेटांपैकी काहींना सुंठेची पूड दिली, काहींना नुसती दिखाऊ पूड. मळमळ फारशी हटली नाही, पण सुंठवाल्यांच्या उलट्या आणि घाम कमी झाला. पोटावरच्या वर्तमानपत्राबद्दल शास्त्र गप्प आहे. ते उलटीला मात्र कामी येतं.

एकच उपाय लातूरच्या माणसाला महाग पडतो: कमी खाणं. जेवण तिकिटात धरलेलं असतं. दिवसभर काही ना काही मांडलेलंच. मामांना हे समजल्यापासून त्यांच्या डोळ्यांत हंगामातली चमक आली. “तिकिटात हाय ना? मग का सोडायलास?” ते प्रत्येकाला विचारत फिरले. माझी भाची, वय नऊ, तिने त्यांचं ऐकून तिसरी पेस्ट्री खाल्ली आणि तासाभरात ती जहाजाला परत केली. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, पन्नाशीनंतर तो ओसरत जातो. म्हणूनच की काय, पंचाहत्तरीच्या आत्याला या खेपेला काहीच झालं नाही. तिला याचा फार अपमान वाटला. “वारं लागलं असंल,” ती म्हणाली, आणि उगाच एक लिंबू हुंगलं.

गोळीबद्दल मात्र चेष्टा नको. आपल्याकडच्या औषध दुकानात मिळते ती प्रोमेथाझिनची गोळी, म्हणजे घरोघरी माहीत असलेली अव्होमीन, निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची. ती झोप आणते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्दीसाठीच्या झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या इथे फारशा उपयोगाच्या नाहीत. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली कोणतीही गोळी पोटात राहत नाही. साडूंच्या दोन गोळ्या अशाच गेल्या. मग जहाजावरच्या डॉक्टरांचं इंजेक्शन, आणि त्याचं बिल. ते तिकिटात धरलेलं नव्हतं.

सलग दोन-तीन दिवस समुद्रावर राहिलं की शरीराला सवय होते आणि बहुतेकांचा त्रास थांबतो. आमची सहल तेवढ्यातच संपली. म्हणजे साडूंना सवय झाली ती मुंबईच्या धक्क्यावर.

एक राहिलं. उतरल्यावर दिवसभर, कधी त्याहून जास्त, जमीनच डोलल्यासारखी वाटते, विशेषतः आडवं झाल्यावर. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी किल्लारीच्या पंचक्रोशीत काढली, त्यांना पलंग हलणं हा थट्टेचा विषय वाटत नाही, आणि वाटूही नये. तेव्हा क्रूझवरून परतलेल्या लातूर-नांदेडकरांनो, रात्री अंथरूण हललं तर दिवा लावा आणि छताच्या पंख्याकडे बघा. पंखा झुलत असेल तर सगळ्यांना उठवून मोकळ्यावर या. नसेल तर तो नुसता समुद्र आहे; कूस बदला आणि झोपा.