समासातलं भांडण

वाचायला म्हणून शेजारी दिलेलं पुस्तक परत येत नाही आणि परदेशी धाडलेलं येतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. शेजाऱ्याला वाटतं, भिंतीपलीकडेच तर आहेत, देऊ कधीही. हे ‘कधीही’ त्याच्या मुलाचं लग्न होऊन नातवंडं मुखपृष्ठ कुरतडायला लागली तरी उजाडत नाही. दुबईच्या माणसाचं तसं नसतं. पार्सलवरचा खर्चाचा आकडा त्याने पाहिलेला असतो. एवढे पैसे मोजून आलेली वस्तू ठेवून घ्यायला त्याचं मन धजत नाही. शिवाय पुढच्या नंबरचा वाचक ‘कुठवर आलं?’ म्हणून व्हॉट्सॲपवर रोज टोचत असतो.

आमच्या गोतावळ्यात असं फिरणारं पुस्तक म्हणजे रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’. प्रत वडिलांची. साताऱ्याहून ती निघते, दुबईला मामेभावाकडे जाते, तिथून लंडनला भाच्याकडे, मग न्यू जर्सीला नणंदेकडे आणि सरतेशेवटी सांगलीला मावशीकडे. मावशी शेवटी, कारण शेवटचा शब्द तिचा असावा लागतो. निवड मात्र एकमताने झाली असं म्हणवत नाही. मावशीला विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ हवं होतं. लेखक नेर्ले गावचा, म्हणजे तिच्या हिशेबी घरचाच. पण परक्या देशात एकट्याने बसून सदाशिवरावभाऊंचा शेवट वाचणं प्रकृतीला बरं नव्हे, असा मुद्दा मामेभावाने काढला आणि योगींचं नाव पक्कं झालं. पुढे साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन विश्वास पाटलांच्याच अध्यक्षतेखाली भरलं, तेव्हा मावशीने मला ‘बघ’ एवढाच मेसेज पाठवला.

१९६८ सालची ही कादंबरी हजारावर पानांची आहे. पोस्टातल्या वजनकाट्यावर ठेवली की खिडकीतली मुलगी आधी काट्याकडे बघते, मग माझ्याकडे.

“काकू, आत काय आहे?”

“पुस्तक.”

“किंमत काय लिहायची?”

इथे मी दर खेपेला अडते. कस्टमच्या घोषणापत्रात वस्तूची किंमत घालावीच लागते. आतल्या पानावर छापलेल्या किमतीत आज दोन माणसांचा चहा-वडापाव होईल. मुखपृष्ठ गेलंय, बायंडरने चढवलेलं खाकी कापड कोपऱ्यांवर उसवलंय. आणि पाठवायचा खर्च मूळ किमतीच्या कैक पट. “एवढ्यात तिकडं नवी कोरी येईल की,” ती मुलगी भल्या मनाने सांगते. एकदा मागे रांगेत उभे असलेले आजोबा पुढे वाकून म्हणाले, “कुठलं पुस्तक आहे?” मी नाव सांगितलं. “मग जाऊ द्या की, त्याला कशाला अडवता?” साताऱ्यात या नावाला रांगेतही वाट मिळते.

नवी प्रत तिकडे मिळते हे मलाही ठाऊक आहे. भाचा तर ‘मावशी, पीडीएफ पाठव ना’ म्हणून मोकळा होतो. पण पीडीएफच्या समासात कोण भांडणार?

खरा माल समासात आहे. पूर्वी बुक पोस्टाने पुस्तक पाठवायचं तर पाकिटाची तोंडं उघडी ठेवत आणि आत चिठ्ठी घालायची सोय नसे. पुस्तकाच्या दराने पत्र धाडायचं नाही, हा सरकारी हिशेब. घरोघरच्या मराठी माणसांनी त्यावर तोडगा काढला तो पेन्सिलीचा. वडिलांनी प्रतापगडाच्या प्रकरणाशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ‘वाई – खानाचा तळ – आपल्या आत्याचं घर तिथून जवळ’. खाली दुबईहून मामेभावाचं उत्तर, ‘आत्याचं घर नंतरचं’. त्याखाली न्यू जर्सीची नणंद, ‘वाघनखं कुठल्या हातात?’ त्याखाली भाचा, ‘डाव्या’. त्याखाली मावशीचा हळदीचा अंगठा. सांगलीत हळदीचा बाजार मोठा हे जगाला माहीत आहे; तो प्रतापगडापर्यंत पोचला हे फक्त आमच्या प्रतीवर दिसतं. मावशीने पुढे लिहिलंय, ‘भाजी परतत होते. हाताबद्दल नंतर लिहीन.’ अजून लिहिलेलं नाही.

सामाजिक कादंबरीवर असं भांडण होत नाही. नायिकेने नवऱ्याला सोडावं की नाही, याबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. इतिहासाचं म्हटलं की प्रत्येकाच्या गावातून एखादी वाट गेलेली असते, एखादा पूर्वज कुठेतरी मशाल धरून उभा असतो. पूर्वजाचा उल्लेख कादंबरीत नाही, हा लेखकाचा गुन्हा धरला जातो. आमच्यातल्या एकाने तर मोकळ्या पानावर दोन ओळी लिहून आपल्या घराण्याला परस्पर मोहिमेवर पाठवलंय.

आणि गंमत अशी की या कादंबरीच्या दारातच एक पत्र उभं आहे. देसाईंनी लिहायला घेतलं तेव्हा नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी त्यांना शिवाजी महाराजांबद्दल एक भलंमोठं पत्र लिहिलं. ललित लेखकापुढचे पेच, उपलब्ध साधनं, दंतकथांचं काय करायचं, सगळं त्यात आलं. तेच पत्र पुढे प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. म्हणजे बुक पोस्टात चिठ्ठी चालत नसे त्या काळातही ‘श्रीमान योगी’ पाठवणारा माणूस अख्खं पत्रच पाठवत होता, तेही पुस्तकाच्या दरात. कादंबरी न वाचता ती प्रस्तावना वाचून वाद घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं फारसं अडत नाही.

तशी मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मापासून टपालाच्या ओळखीची. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. १८७१ची. ती ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून हप्त्याहप्त्याने आली. हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’ही ‘करमणूक’मधून असाच उगवला. गडावर कोण चढलं हे कळायला वर्गणीदाराने पोस्टमनची वाट पाहायची. आमच्या चक्रात वर्षातून एखादाच फेरा होतो, त्यामुळे ती वाट पाहणं आमच्या अंगवळणी पडलंय.

साताऱ्याला परदेशी टपालाचा सराव त्याहून जुना. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली गादीवरून काढून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथे ठाण मांडून बसले. मधल्या काळात महाराज काशीत वारले, राज्य खालसा झालं, तरी रंगो बापूजींची लेखणी थांबली नाही. न्याय नाही मिळाला. त्यांच्याआधी साताऱ्यात रेसिडेंट असलेला ग्रँट डफ मराठ्यांचा इतिहास लिहून बसला होता, तोही १८२६ साली लंडनला छापून निघाला. म्हणजे आमचा इतिहास तिकडे लिहून झाला आणि आमची फिर्याद पडून राहिली. हे आठवलं की न्यू जर्सीचं पार्सल उशिरा आल्याची तक्रार मी करत नाही.

ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेलेली वाघनखं २०२४च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली. तीन वर्षांच्या बोलीवर. वाचनालयाचे नियम मोठ्या माणसांनाही लागू आहेत, एवढं बघून मला बरं वाटलं. ही प्रतापगडावरचीच, असं ते म्युझियम छातीठोकपणे सांगत नाही. पण रांग बघितली तर कुणाला शंका असेल असं वाटलं नसतं. भाचा इतकी वर्षं लंडनमध्ये राहून त्या म्युझियमच्या वाटेला गेला नव्हता. सुट्टीत साताऱ्याला आला आणि आजीच्या हातचा डबा घेऊन त्या रांगेत उभा राहिला. परत जाऊन त्याने समासात लिहिलं, ‘पाहिली. हात कुठला ते काचेवरून कळत नाही.’

हे सगळं हौशी झालं. पद्धतशीर काम बघायचं तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचं बघावं. विनायक रानडे यांनी २००९पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून २५ पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांत फिरवल्या आणि त्या दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंत पोचवल्या. एका गटाची पेटी वाचून झाली की दुसऱ्याशी बदलायची. आमच्या जिल्ह्यात भिलारला २०१७पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथे वाचकाने पुस्तकाकडे जायचं, स्ट्रॉबेरी खायची आणि वाचत बसायचं. दोन्हींत मला रस आहे, पण समासात लिहायची परवानगी दोन्हीकडे मिळणार नाही.

अलीकडे पोस्टाचंच गणित हललंय. २०२४च्या डिसेंबरात पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची रजिस्टर्ड सेवा बंद झाली, तेव्हा छोटे प्रकाशक आणि दुकानदार हवालदिल झाले. २०२५च्या मे महिन्यात ‘ज्ञान पोस्ट’ आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. हे देशातल्या देशात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं आणि आमच्या प्रतीचं नेमकं तेच पान मामेभावाच्या धाकट्याने विमान करून उडवलं होतं. चिकटवून घेतलंय. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेने आयातीचे नियम बदलले आणि इकडून तिकडे जाणारं टपाल काही आठवडे थांबलं. योगी तेव्हा लंडनलाच होते. नणंदेला वाटलं, भाच्याने दाबून ठेवलंय. समासात त्याचाही निकाल लागायचा आहे.

सध्या प्रत सांगलीला आहे. यंदा मावशीच्या घराच्या पायऱ्यांना पाणी लागलं तेव्हा तिने सगळ्यात आधी धान्याचा डबा आणि हे पुस्तक माळ्यावर टाकलं. २०१९च्या महापुरात शहरातल्या वाचनालयाचा पुस्तकसाठा भिजून गेला होता, तो तिने डोळ्यांनी पाहिलाय. कापड थोडं ओलसर आहे, एवढंच.

तुमच्या घरी कुणाची वाचायला आणलेली जाड कादंबरी पडून असेल, तर आतल्या पानावरचं नाव बघा आणि ज्याची त्याला पाठवून द्या. समासात काहीतरी लिहून पाठवा. १०० रुपयांत जाते.