‘छे हो, असंच आपलं’

संक्रांत आली की कर्नाटकच्या सीमेलगतच्या दुधनीतही नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. तिळावर, खसखशीवर थेंब थेंब पाक सोडत, मंद आचेवर बोटांनी फिरवत तासन् तास काढले की हलव्याला काटा येतो. मग तो दोऱ्यात गुंफून हार, बाजूबंद, बिंदी. काळ्या साडीवर पांढरा हलवा असा काही उठून दिसतो की हळदीकुंकवाला आलेली शेजारीण सरळ कानडीत शिरते, ‘भाळ छंद अद!’ म्हणजे, खूप छान आहे!

आणि करणारी? ‘छे हो, असंच आपलं. काटा नीट आलाच नाही. हा मणी बघा, वाकडा.’ वाकडा मणी तोवर कुणाला दिसलाही नव्हता. तोच हार सोलापूरहून विकत आणलेला असता, तर दुकान, भाव आणि केलेली घासाघीस न विचारता कळली असती. म्हणजे पैसे मोजल्याचा अभिमान, बोटं भाजल्याचा संकोच!

बाई गं, ‘हो, मीच केलाय. आवडला ना?’ एवढंच म्हण आणि वाटी पुढे कर. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं ते फक्त दुसऱ्यांविषयीच, असा नियम थोडाच आहे?