बेंचवरचं शहाणपण

‘संघात स्टीफन करी असेल तर कोच कोणीही चालेल.’ अमेरिकन बास्केटबॉलची चर्चा निघाली की हे वाक्य येतंच. त्याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावू. 2013-14 च्या हंगामात गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे करी होता, क्ले थॉम्पसन होता, ड्रेमंड ग्रीन होता, आंद्रे इग्वादालाही होता. कोच होता मार्क जॅक्सन, खेळाडू म्हणून नामांकित, कारकिर्दीत दहा हजारांहून जास्त असिस्ट. त्या वर्षी संघाने 51 सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी जवळपास तेच खेळाडू आणि कोच नवा, ज्याने आयुष्यात एकाही सामन्यात कोचची जबाबदारी घेतलेली नव्हती. 67 विजय, 15 पराभव आणि 1975 नंतरचं पहिलं विजेतेपद. या नव्या कोचचं नाव स्टीव्ह कर.

बचावाची घडी जॅक्सनने बसवून ठेवली होती, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण चेंडू हातात आल्यावर तो संघ गोठायचा. अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी पास देणारा संघ तो होता. स्टीव्हने आल्या आल्या सांगितलं, सामन्यात 300 पास झाले पाहिजेत. करीच्या हातातला चेंडू काढून घेऊन इतरांकडे फिरवायचा, म्हणजे चेंडूशिवाय पळणाऱ्या करीच्या मागे प्रतिस्पर्धी धावत सुटतील. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजाला ‘चेंडू सोड’ म्हणायला धाडस लागतं. त्याला ते पटवून द्यायला त्याहून जास्त काही लागतं.

ते जास्तीचं स्टीव्हकडे कुठून आलं, याचं माझं उत्तर सरळ आहे. बेंचवरून.

आकडे बघा. एनबीएत 15 हंगाम, 910 सामने. त्यांतले सुरुवातीच्या पाचांत नाव असलेले सामने फक्त 30. सामन्यामागे सरासरी गुण 6. निवड झाली 1988 च्या ड्राफ्टमध्ये, दुसऱ्या फेरीत, पन्नासावा. उंची बेताची, उडी बेताची, वेग त्याहून बेताचा. एकच गोष्ट असामान्य, थ्री-पॉइंटर: 45.4 टक्के अचूकता, एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक. म्हणजे तासभर बसून राहायचं, अंग थंड पडू द्यायचं आणि अचानक हाक आली की उठून पहिला फटका घालायचा. ही नोकरी त्याने 15 वर्षं केली आणि खेळाडू म्हणून पाच विजेतेपदांच्या अंगठ्या मिळवल्या. तीन शिकागो बुल्सबरोबर, दोन सॅन अँटोनियो स्पर्सबरोबर.

बेंचवर बसणाऱ्याला खेळ वेगळा दिसतो. कोण थकलाय, कोणाचं डोकं तापलंय, कोण पास मिळाला नाही म्हणून रुसलाय, कोच कोणाशी किती आवाज चढवतो आणि कोणाशी मुद्दाम नाही चढवत, हे सगळं त्याच्यासमोर घडत असतं. शिवाय स्टीव्ह ज्यांच्या बेंचवर बसला ती माणसं बघा: क्लीव्हलँडला लेनी विल्किन्स, शिकागोला फिल जॅक्सन, सॅन अँटोनियोत ग्रेग पोपोविच. फिल जॅक्सन स्वतः न्यूयॉर्क निक्सचा बदली खेळाडू. पोपोविच तर एनबीएत खेळलेलाच नाही. विल्किन्स मात्र मोठा खेळाडू होता आणि मोठा कोचही झाला, तेव्हा बेंचवर बसला तोच शहाणा असा नियम मी मांडत नाही. पण उलटा नियम, म्हणजे जो थोर खेळला तो थोर शिकवेल, हा तर बिनबुडाचाच आहे. 1994 साली लेकर्सनी मॅजिक जॉन्सनला कोच केलं. सोळा सामने, पाच विजय, अकरा पराभव, राजीनामा. जगाला पास द्यायला शिकवणाऱ्या माणसाला आपल्या संघाला ते शिकवता आलं नाही, कारण जे त्याला न शिकता येत होतं ते शिकवायचं कसं?

आता 2014 चा तो निर्णय, ज्याच्यासाठी मला हा माणूस आवडतो. इग्वादाला तोवर एनबीएत 758 सामने खेळला होता आणि 758 च्या 758 सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात होता. ऑल-स्टार, ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता. नवा कोच येतो आणि त्याला सांगतो, तू आता बेंचवरून येशील. कारण दोन. दुसऱ्या फळीला पास देणारं डोकं हवं होतं, आणि तरुण हॅरिसन बार्न्स सुरुवातीला खेळला तर खुलणार होता. इग्वादालाला हे रुचलं नव्हतं. तरी त्याने मानलं. मी म्हणतो, ही गोष्ट दुसरा कोणी सांगता तर त्याने मानली नसती. समोरचा माणूस 880 सामन्यांत बेंचवरून उठून आला होता. तिथे बसून काय वाटतं हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती, आणि तिथून सामना जिंकता येतो हे त्याने जगाला दाखवून दिलं होतं.

तो हंगाम सरकत गेला आणि अंतिम फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने वॉरियर्सना 1-2 असं मागे टाकलं. तेव्हा निक यूरेन नावाच्या 28 वर्षांच्या मदतनीसाने आदल्या वर्षीच्या अंतिम फेरीच्या चित्रफिती बघून रातोरात एक सूचना केली: उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बसवा, इग्वादालाला सुरुवातीपासून उतरवा. स्टीव्हने ती मानली. सामन्याआधी पत्रकारांना खोटं सांगून पत्ता लागू दिला नाही आणि सामना संपल्यावर खोटं बोललो हे कबूलही केलं. चौथा सामना 103-82 असा खिशात, मालिका सहा सामन्यांत संपली, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू इग्वादाला. आणि कल्पना यूरेनची होती, हे स्टीव्हने सगळ्यांसमोर सांगितलं. कनिष्ठाची कल्पना आपल्या नावावर खपवणाऱ्या साहेबांनी हा प्रसंग दोनदा वाचावा.

खेळाडू स्टीव्हचा एक क्षण मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. जून 1997, अंतिम फेरीचा सहावा सामना, युटा जॅझविरुद्ध, 86-86 अशी बरोबरी, शेवटची काही सेकंदं. टाइमआउटमध्ये खुर्चीवर बसलेला मायकल जॉर्डन स्टीव्हकडे वळून सांगतो की युटाचा स्टॉकटन मला अडवायला येईल, तयार राहा. स्टीव्ह म्हणतो, आला तर मी फटका घालीन. कॅमेऱ्याने ते टिपलं आहे. स्टॉकटन आलाच. जॉर्डनने पास दिला, स्टीव्हने सतरा फुटांवरून चेंडू जाळीत घातला, बुल्स विजेते. याच जॉर्डनने दोन वर्षांपूर्वी सरावात स्टीव्हला ठोसा मारून डोळा काळानिळा केला होता. धक्काबुक्कीत स्टीव्ह मागे हटला नाही, संध्याकाळी जॉर्डनने फोन करून माफी मागितली, आणि तेव्हापासून त्याचा स्टीव्हवर विश्वास बसला. सतरा फुटांवरचा तो पास त्या विश्वासातून आला होता.

दोघांमध्ये आणखी एक गोष्ट सारखी होती, आणि तिच्याविषयी ते एकमेकांशी कधी बोलले नाहीत. दोघांच्याही वडिलांचा खून झाला होता. स्टीव्हचे वडील माल्कम कर अरब राजकारणाचे अभ्यासक, बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष. स्टीव्हचा जन्मही बैरुतचाच. 18 जानेवारी 1984 रोजी माल्कम यांना त्यांच्या कार्यालयाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. स्टीव्ह तेव्हा अठरा वर्षांचा, ॲरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला. दोन दिवसांनी ॲरिझोना स्टेटविरुद्ध सामना होता. सुरुवातीच्या शांततेत तो रडला, मग बेंचवरून उठला आणि 12 गुण करून आला. चार वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर काही प्रेक्षकांनी त्याच्या वडिलांच्या मृत्यूवरून त्याला डिवचलं. सरावाच्या वेळचे ते शब्द ऐकून तो थरथरत बेंचवर जाऊन बसला. मग पहिल्या अर्ध्यात सहा थ्री-पॉइंटर टाकले, सहाही आत.

हे ठाऊक असेल तर 24 मे 2022 ची त्याची पत्रकार परिषद नीट कळते. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने 19 मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या, त्याच दिवशी डॅलसमध्ये वॉरियर्सचा सामना होता. स्टीव्ह आला आणि म्हणाला, मी बास्केटबॉलवर बोलणार नाही. बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडवून ठेवणाऱ्या सिनेटरांना त्याने टेबलावर हात आपटून जाब विचारला आणि निघून गेला. ‘खेळाडूंनी राजकारणात पडू नये’ असा उपदेश त्याला लगेच सुरू झाला. ज्याचा बाप गोळीने गेला त्याला गोळीबद्दल बोलायचा हक्क नाही, तर कोणाला आहे? सामना वॉरियर्स हरले. त्या रात्री त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही.

पण मग ऑक्टोबर 2019 चंही बोललंच पाहिजे. हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने ह्यूस्टन संघाच्या व्यवस्थापकाने ट्वीट केलं, चीन भडकला, एनबीएचा चीनमधला धंदा पणाला लागला. तेव्हा हाच बोलका स्टीव्ह, आपल्याला या विषयाचं पुरेसं कळत नाही, असं गोल उत्तर देऊन सुटला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. देशातल्या सिनेटरांना नावं ठेवताना जे धैर्य होतं ते लीगच्या मोठ्या गिऱ्हाइकापुढे गळालं. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे झाकू नये.

पुन्हा कोर्टवर येऊ, कारण कोच म्हणून त्याचा मोठेपणा त्याच्या गैरहजेरीत दिसला. 2015 च्या उन्हाळ्यात पाठीच्या शस्त्रक्रियेतून गुंतागुंत झाली, डोकेदुखीने तो हैराण झाला आणि पुढच्या हंगामातले पहिले 43 सामने त्याला बाहेर राहावं लागलं. जागेवर बसला मदतनीस ल्यूक वॉल्टन. संघ 39 जिंकला, चार हरला. हंगामाअखेर 73-9. ज्यांचा 72-10 चा विक्रम मोडला त्या 1995-96 च्या बुल्समध्ये स्टीव्ह स्वतः होता. (अंतिम फेरीत 3-1 अशी आघाडी घेऊन ते क्लीव्हलँडकडून हरले, तेही नोंदवून ठेवतो.) टीकाकार म्हणाले, बघा, कोचविना चालतं. अहो, कोचने घालून दिलेली पद्धत त्याच्याविना चालली, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? फेब्रुवारी 2018 मध्ये तर फिनिक्सविरुद्ध त्याने टाइमआउटमधली पाटी खेळाडूंच्याच हातात दिली. संघ कंटाळला होता, कोचचा आवाज कानावरून जात होता. इग्वादाला आणि ग्रीन चाली आखू लागले आणि सामना 129-83 असा जिंकला. प्रतिस्पर्ध्यांना हा अपमान वाटला. मला वाटतं, आपला आवाज कधी बंद करायचा हे कळणारे कोच बोटांवर मोजण्याइतके असतात.

इथे आपल्याकडच्या एका माणसाचा विषय निघतो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2010 ते 2013 वॉरियर्सचे भागीदार मालक होते. तो हिस्सा सोडून त्यांनी सॅक्रॅमेंटो किंग्ज घेतला. एनबीएचा संघ घेणारा पहिला भारतीय वंशाचा मालक, अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण कोच निवडताना त्यांची नजर सारखी जुन्या घराकडे वळली. वॉरियर्सच्या बेंचवरून मायकल मलोन नेला. मग कधी ना कधी स्टीव्हचे मदतनीस असलेले तिघे एकामागून एक त्या खुर्चीत बसले: ल्यूक वॉल्टन, काही काळ ॲल्विन जेंट्री, मग माइक ब्राऊन. मलोनला दुसऱ्या हंगामात 24 सामन्यांनंतर घरी पाठवलं, त्याने पुढे डेन्व्हरला 2023 चं विजेतेपद मिळवून दिलं. ब्राऊनने 16 वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच एकमताने ठरला, आणि दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर 2024 मध्ये, त्यालाही नारळ. वॉरियर्सनी उलट काय केलं? 2019-20 मध्ये करी आणि थॉम्पसन जायबंदी असताना त्यांचा संघ लीगमध्ये तळाला होता, 15 विजय आणि 50 पराभव. कोच तोच ठेवला. 2022 मध्ये तोच कोच चौथं विजेतेपद घेऊन आला. रणदिव्यांनी वॉरियर्सची माणसं नेली, वॉरियर्सचा धीर न्यायचा राहिला.

शेवटी पॅरिस. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा कोच स्टीव्ह. हाताखाली बारा तारे आणि सामना 40 मिनिटांचा, म्हणजे पाच जागांची मिळून वाटायला फक्त 200 मिनिटं. सर्बियाविरुद्ध पहिल्या सामन्यात केव्हिन ड्युरँट बेंचवरून उतरला आणि 23 गुण केले. नुकताच बोस्टनला विजेतेपद मिळवून दिलेला जेसन टेटम मात्र एक मिनिटही खेळला नाही. बोस्टनमध्ये आग लागली. स्टीव्हने हा निर्णय आपल्यालाही वेडगळ वाटतो असं मोकळेपणाने सांगितलं, तरी उपांत्य सामन्यात सर्बियापुढे 17 गुणांनी मागे पडूनही त्याने टेटमला बसवूनच ठेवलं. करीने 36 गुण केले, अमेरिका 95-91 अशी वाचली, मग फ्रान्सला 98-87 असं हरवून सुवर्णपदक. टेटमने एका शब्दाने संघात वितुष्ट आणलं नाही, त्याचं कौतुक स्टीव्हइतकंच त्याला. बोस्टनकर मात्र विसरले नाहीत. त्या नोव्हेंबरात वॉरियर्स बोस्टनला गेले तेव्हा कोचचं नाव पुकारताच प्रेक्षागृहाने हुर्यो उडवली. वॉरियर्सनी तो सामना 118-112 असा जिंकला.